'एकूण'च्या ओळीमागचा हिशोब : कृषी माहितीच्या विश्लेषणात फिल्टर-संदर्भाचे महत्त्व

कृषी विस्ताराच्या कामात संगणकीय सारण्यांचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. अग्रपंक्ती प्रात्यक्षिकांचे उत्पादन, माती परीक्षणाचे निष्कर्ष, शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी, पीक कापणी प्रयोगांच्या नोंदी अशी बहुविध माहिती एक्सेल, गूगल शीट्स किंवा पॉवर बीआय यांसारख्या साधनांत साठवली जाते. तिचे गाव, हंगाम, पीक किंवा वाण यांनुसार गट पाडले जातात, प्रत्येक गटाची बेरीज अथवा सरासरी काढली जाते आणि शेवटी 'एकूण' अशी एक ओळ येते. अहवाल वाचणाऱ्याची दृष्टी बहुधा याच ओळीवर स्थिरावते. कोणत्या वाणाची शिफारस करावी, कोणत्या गावात पुढील वर्षी प्रात्यक्षिके घ्यावीत, याचे निर्णय अनेकदा तिच्याच आधारे होतात.

या ओळीतील प्रत्येक आकडा बिनचूक असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. तो आकडा नेमक्या कोणत्या नोंदींवरून आला आहे, हे वाचणाऱ्याला आणि कधीकधी तयार करणाऱ्यालाही ठाऊक नसते, हे त्याचे कारण होय. नोंदींच्या या निवडीला माहिती विश्लेषणाच्या परिभाषेत 'फिल्टर-संदर्भ' म्हणतात. प्रस्तुत लेखात ही संकल्पना शेतीतील उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट केली आहे. उदाहरणांतील उत्पादनाचे व रकमांचे आकडे समजण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत.

फिल्टर-संदर्भ म्हणजे काय?

पाचशे शेतकऱ्यांच्या नोंदींची एक सारणी आहे असे समजू. तिच्या प्रत्येक ओळीत गाव, हंगाम, पीक, वाण, सिंचनाचा प्रकार, क्षेत्र आणि उत्पादन या बाबी आहेत. या सारणीवरून आपण पिव्होट टेबल तयार केले. ओळींवर गावे, स्तंभांवर हंगाम आणि वरच्या बाजूस 'पीक : हरभरा' अशी निवड केली. आता एखाद्या गावाच्या ओळीत आणि 'रब्बी' या स्तंभाखाली जो आकडा दिसतो, तो काढण्यापूर्वी संगणकाने मूळ सारणी तीन वेळा चाळलेली असते : गाव हेच, हंगाम रब्बी आणि पीक हरभरा. या तिन्ही अटी पूर्ण करणाऱ्या नोंदी मागे उरल्या आणि त्यांच्यावरच बेरीज झाली. या तीन अटी मिळून त्या चौकटीचा फिल्टर-संदर्भ बनतो.

शेजारच्या चौकटीत हंगामाची अट बदलते, खालच्या चौकटीत गावाची अट बदलते. म्हणजे सारणीतील प्रत्येक चौकटीचा संदर्भ स्वतंत्र असतो. सूत्र एकच असले, तरी संदर्भ बदलताच उत्तर बदलते.

एक्सेलमध्ये याचा अनुभव एका साध्या प्रयोगातून घेता येतो. उत्पादनाच्या स्तंभाखाली 'सम' हे सूत्र लिहावे आणि नंतर फिल्टर लावून एकच गाव निवडावे. पडद्यावर त्या गावाच्याच ओळी दिसतात, परंतु खालची बेरीज मात्र पूर्वीचीच, म्हणजे सर्व गावांची राहते. 'सम' हे सूत्र फिल्टरची दखल घेत नाही. त्याऐवजी 'सबटोटल' हे सूत्र ९ या क्रमांकासह वापरल्यास फिल्टरने वगळलेल्या ओळी बेरजेतून बाहेर राहतात. हाताने लपवलेल्या ओळीही वगळायच्या असतील, तर १०९ हा क्रमांक द्यावा लागतो. दिसणाऱ्या ओळी आणि मोजल्या जाणाऱ्या ओळी एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही, हा या प्रयोगातून घ्यावयाचा पहिला धडा.

'एकूण'ची ओळ कशी तयार होते?

कागदावर हिशोब मांडताना आपण वरचे आकडे मिळवून खाली एकूण लिहितो. पिव्होट टेबल किंवा पॉवर बीआय असे करत नाही. 'एकूण'च्या ओळीत ते गावाची अट काढून टाकते, उरलेल्या अटी तशाच ठेवते आणि मूळ नोंदींवर तेच सूत्र नव्याने चालवते. क्षेत्र किंवा उत्पादन यांसारख्या साध्या बेरजांत दोन्ही रीतींचे उत्तर सारखेच येते, म्हणून हा भेद आपल्या लक्षात येत नाही. इतर मापांच्या बाबतीत मात्र तो ठळक होतो. त्या दृष्टीने मापांचे चार प्रकार ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

पहिला प्रकार पूर्ण बेरजेचा. उत्पादन, बियाण्याची विक्री, खताचा वापर या राशी गावानुसार, हंगामानुसार किंवा वर्षानुसार कशाही मिळवल्या तरी चालतात.

दुसरा प्रकार गुणोत्तराचा. उत्पादकता म्हणजे उत्पादन भागिले क्षेत्र. दोन गावांची उत्पादकता मिळवता येत नाही आणि त्यांची सरळ सरासरीही बहुधा घेता येत नाही. प्रथम दोन्ही गावांचे उत्पादन मिळवावे, दोन्ही गावांचे क्षेत्र मिळवावे आणि मग भागाकार करावा.

तिसरा प्रकार स्वतंत्र गणतीचा. खरिपात १८० शेतकऱ्यांनी आणि रब्बीत १५० शेतकऱ्यांनी प्रात्यक्षिकांत भाग घेतला, परंतु त्यांपैकी ६० शेतकरी दोन्ही हंगामांत होते, तर वर्षभराची संख्या ३३० नसून २७० होते. सारणीत वरचे आकडे १८० व १५० आणि खाली एकूण २७० दिसले, म्हणजे संगणक चुकला असे नाही. प्रत्येक शेतकऱ्याला एकदाच मोजण्याची सूचना दिली असेल, तर हेच उत्तर योग्य आहे. याउलट, लाभार्थी संख्येच्या अहवालात ३३० हा आकडा गेला, तर साठ शेतकरी दोनदा मोजले गेले असे होते.

चौथा प्रकार काही दिशांनीच मिळवता येणाऱ्या राशींचा. गोदामातील महिनाअखेरचा साठा गोदामांनुसार मिळवता येतो, महिन्यांनुसार मिळवता येत नाही. कृषी सांख्यिकीतील याचे परिचित उदाहरण म्हणजे पेरणी क्षेत्र. एखाद्या गावात खरिपात ४०० हेक्टर आणि रब्बीत २५० हेक्टर पेरणी झाली, त्यांपैकी २०० हेक्टरवर दोन्ही हंगामांत पिके होती. पिकांखालील एकूण क्षेत्र ६५० हेक्टर झाले, पण निव्वळ पेरणी क्षेत्र ४५० हेक्टरच आहे. या दोहोंच्या गुणोत्तरातून येणारी पीक घनता सुमारे १४४ टक्के ठरते. हंगामांचे आकडे मिळवून आलेल्या बेरजेला निव्वळ क्षेत्र समजल्यास गावाची जमीनच वाढल्यासारखी दिसेल.

ओळीवरील गणना आणि गटावरील गणना

उत्पादकता काढण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळीत उत्पादकतेचा स्तंभ जोडला जातो आणि गट पाडल्यावर त्या स्तंभाची सरासरी घेतली जाते. दुसऱ्या रीतीत गटाचे एकूण उत्पादन गटाच्या एकूण क्षेत्राने भागले जाते. पहिल्या रीतीत गणना ओळीच्या संदर्भात होते, दुसरीत फिल्टर-संदर्भात.

एका शेतकऱ्याने ०.२ हेक्टरवर हेक्टरी २६ क्विंटल आणि दुसऱ्याने २ हेक्टरवर हेक्टरी १२ क्विंटल उत्पादन घेतले असे समजू. उत्पादकतेच्या स्तंभाची सरासरी हेक्टरी १९ क्विंटल येते. प्रत्यक्षात २.२ हेक्टरवर २९.२ क्विंटल माल निघाला, म्हणजे उत्पादकता हेक्टरी सुमारे १३.३ क्विंटल आहे. पहिल्या रीतीत लहान वाफ्याला आणि मोठ्या शेताला सारखेच मोल मिळाले.

'सरासरी शेतकऱ्याला काय साधले?' असा प्रश्न असेल, तर पहिला आकडा अर्थपूर्ण आहे. 'या परिसरातून किती माल बाजारात येईल?' असा प्रश्न असेल, तर दुसराच आकडा घ्यावा लागेल. अहवालात मात्र दोहोंच्या खाली 'सरासरी उत्पादकता' एवढेच लिहिलेले असते आणि गोंधळ तेथून सुरू होतो. एक्सेलच्या पिव्होट टेबलमधील 'कॅल्क्युलेटेड फील्ड' ही सुविधा आधी बेरजा करते व नंतर भागाकार करते. त्यामुळे गावाच्या ओळीत आणि एकूणच्या ओळीतही क्षेत्राच्या प्रमाणातील भारित उत्पादकता मिळते. पॉवर बीआयमध्ये हेच काम 'मेजर' करते. तेथे उत्पादनाच्या बेरजेला क्षेत्राच्या बेरजेने भागणारे मेजर लिहावे.

दोन वाणांची तुलना : एक उदाहरण

फिल्टर-संदर्भाकडे दुर्लक्ष झाल्यास शिफारस कशी उलटू शकते, हे पुढील उदाहरणातून दिसेल. हरभऱ्याच्या 'क' आणि 'ख' या दोन वाणांची प्रात्यक्षिके एका जिल्ह्यात प्रत्येकी ४० हेक्टरवर घेण्यात आली.

| वाण | सिंचन | क्षेत्र (हे.) | उत्पादन (क्विं.) | उत्पादकता (क्विं./हे.) |
|---|---|---|---|---|
| क | बागायत | ३० | ६०० | २०.०० |
| क | कोरडवाहू | १० | ९० | ९.०० |
| क | एकूण | ४० | ६९० | १७.२५ |
| ख | बागायत | १० | २२० | २२.०० |
| ख | कोरडवाहू | ३० | ३३० | ११.०० |
| ख | एकूण | ४० | ५५० | १३.७५ |

एकूणच्या ओळी पाहिल्या, तर 'क' वाण हेक्टरी साडेतीन क्विंटलने सरस आहे. बागायत क्षेत्रापुरती तुलना केली, तर 'ख' दोन क्विंटलने सरस आहे. कोरडवाहू क्षेत्रातही 'ख' दोन क्विंटलनेच सरस आहे. दोन्ही परिस्थितींत जो वाण मागे आहे, तो एकूणात पुढे दिसतो. सारणीतील एकही आकडा चुकलेला नाही.

या विसंगतीचे मूळ क्षेत्राच्या वाटणीत आहे. 'क' वाणाचे तीन चतुर्थांश क्षेत्र बागायत होते, 'ख' वाणाचे तीन चतुर्थांश कोरडवाहू. सिंचनाची अट काढून टाकताच वाणाचा गुण आणि पाण्याचा लाभ एकमेकांत मिसळले. सांख्यिकीत या प्रकाराला 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात. केवळ एकूणच्या ओळीवरून शिफारस झाली, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती हेक्टरी दोन क्विंटल कमी देणारे बियाणे पडेल. त्याची चूक त्याला कळेपर्यंत हंगाम निघून गेलेला असेल.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, तुलना नेहमी समान संदर्भात करावी : बागायत 'क'ची बागायत 'ख'शी आणि कोरडवाहूची कोरडवाहूशी. दुसरा, एकच आकडा आवश्यक असेल, तर दोन्ही वाणांना क्षेत्राची सारखीच वाटणी लावावी. वरील प्रात्यक्षिकांत बागायत व कोरडवाहू क्षेत्र एकंदरीत ४०-४० हेक्टर, म्हणजे निम्मे-निम्मे आहे. ते प्रमाण दोन्ही वाणांना लावल्यास 'क'ची उत्पादकता १४.५ आणि 'ख'ची १६.५ क्विंटल येते. मग एकूणचा आकडाही तेच सांगतो, जे प्रत्येक गट सांगत होता.

आधी चाळावे की आधी गट पाडावे?

फिल्टर कोणत्या टप्प्यावर लावला, यावरही उत्तर अवलंबून असते. माहितीसाठ्यांच्या 'एसक्यूएल' या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'व्हेअर'ची अट गट पाडण्यापूर्वी एकेका नोंदीला लागते, 'हॅविंग'ची अट गट पाडून झाल्यावर गटाला लागते.

समजा, हेक्टरी १५ क्विंटलपेक्षा अधिक उत्पादकता असलेली गावे निवडायची आहेत. एका गावातील समान आकाराच्या चार प्लॉटांचे आकडे २२, १८, ९ आणि ७ आहेत. आधी गट पाडला, तर गावाची उत्पादकता १४ येते आणि गाव यादीत बसत नाही. आधी १५ पेक्षा कमी असलेल्या नोंदी चाळून काढल्या, तर उरलेल्या दोन प्लॉटांची सरासरी २० येते आणि तेच गाव यशस्वी ठरते. अपयशी प्लॉट आधीच वगळले की प्रत्येक तंत्रज्ञान यशस्वी दिसते.

हाच धोका 'शून्य' आणि 'रिकामी जागा' यांतील फरकातही असतो. पाच प्लॉटांचे उत्पादन १२, १०, ८, ० आणि ० असल्यास सरासरी ६ येते. उगवण न झालेल्या दोन प्लॉटांपुढे शून्य न लिहिता जागा रिकामी ठेवली, तर एक्सेलचे 'ॲव्हरेज' हे सूत्र त्या ओळी मोजतच नाही आणि सरासरी १० येते. कोणीही फिल्टर लावलेला नसतो, पण रिकाम्या चौकटीने तो लावल्यासारखेच होते.

एकूण उत्पादन भागिले एकूण क्षेत्र या रीतीत उलट घडते. ज्या शेताची काढणी अजून व्हायची आहे, त्याचे उत्पादन रिकामे असते, परंतु क्षेत्र नोंदलेले असते. ते क्षेत्र छेदात मिळवले जाते आणि उत्पादकता विनाकारण घसरलेली दिसते. म्हणून अंश आणि छेद दोन्ही एकाच नोंदींवरून आले आहेत याची खात्री करावी. पीक बुडाले असल्यास शून्य, नोंद व्हायची असल्यास रिकामी जागा आणि तीही क्षेत्रासह गणनेबाहेर, असा नियम सर्व नोंदी घेणाऱ्यांना आरंभीच सांगून ठेवावा.

टक्केवारीचा छेद कोणता?

हिस्सा दाखवताना छेदाचा संदर्भ मुद्दाम बदलावा लागतो. एका गावाचे खरिपातील उत्पादन ५० क्विंटल, तालुक्याचे खरिपातील ५०० आणि वर्षभराचे ८०० क्विंटल आहे. गावाचा हिस्सा खरिपाच्या तुलनेत १० टक्के, वर्षाच्या तुलनेत ६.२५ टक्के आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण सारणीवर 'तालुक्यातील हिस्सा' एवढेच लिहिले असेल, तर वाचणाऱ्याने काय समजावे?

पॉवर बीआयमध्ये फिल्टर-संदर्भ बदलण्याचे काम 'कॅल्क्युलेट' हे सूत्र करते. त्यात संपूर्ण सारणीवर 'ऑल' वापरल्यास गाव, हंगाम, पीक असे सर्व फिल्टर दूर होतात. 'ऑलसिलेक्टेड' वापरल्यास सारणीतील गावांची विभागणी दूर होते, परंतु वाचणाऱ्याने स्लायसरमधून केलेली खरिपाची निवड टिकून राहते. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये 'शो व्हॅल्यूज ॲज' या सुविधेत एकूणाची टक्केवारी, स्तंभाची टक्केवारी, वरच्या गटाची टक्केवारी असे पर्याय मिळतात. कोणता पर्याय निवडला, ते सारणीच्या शीर्षकातच लिहावे.

'कॅल्क्युलेट'चा आणखी एक गुण नवशिक्यांना चकवतो. त्यात दिलेली साधी अट त्याच स्तंभावरील आधीच्या अटीची जागा घेते. वरच्या उदाहरणात 'बागायत उत्पादन' असे मेजर लिहून ते वाणांच्या ओळींत ठेवले, तर 'क'पुढे ६०० आणि 'ख'पुढे २२० येतात. तेच मेजर सिंचनाच्या ओळींत ठेवले, तर बागायतीपुढे ८२० आणि कोरडवाहूपुढेही ८२० दिसतात, कारण कोरडवाहूची अट पुसली जाऊन बागायतीची अट लागू झाली. दोन्ही अटी एकत्र लागू राहाव्यात अशी इच्छा असेल, तर 'कीपफिल्टर्स' वापरावे. मग कोरडवाहूच्या ओळीत जागा रिकामी राहते. वेगवेगळ्या ओळींत सारखाच आकडा वारंवार दिसू लागला, तर फिल्टर बदलला गेला असल्याची ती खूण समजावी.

पीक विम्यातील संदर्भ

फिल्टर-संदर्भाचा संबंध शेतकऱ्याच्या खिशाशी कसा पोहोचतो, याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना. या योजनेचा मुख्य आधार 'क्षेत्र' हा आहे. भरपाई ठरते ती अधिसूचित विमा घटकाच्या सरासरी उत्पादनावरून. हा घटक ग्रामपंचायत, महसूल मंडळ किंवा पिकाच्या विस्तारानुसार त्याहून मोठा असू शकतो. विमा घटक, पीक आणि हंगाम या अटींनी नोंदी चाळल्या जातात आणि उरलेल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी प्रत्यक्ष उत्पादन म्हणून घेतली जाते. एखाद्याचे शेत पूर्ण बुडूनही त्याच्या मंडळाची सरासरी उंबरठ्यावर राहिली, तर या कलमाखाली भरपाई निघत नाही. गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणे अशा स्थानिक आपत्तींसाठी मात्र मार्गदर्शक तत्त्वांत वैयक्तिक शेताच्या पाहणीची वेगळी तरतूद करण्यात आली. तेथे संदर्भ मंडळाचा नसून एकाच शेताचा असतो. शेतकऱ्याला उत्तर देताना कोणत्या तरतुदीत कोणता संदर्भ आहे, हे समजावून सांगणे विस्तार कार्यकर्त्याचे महत्त्वाचे काम आहे.

उंबरठा उत्पादनाच्या गणनेतही चाळण्याचा एक टप्पा आहे. सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला ७०, ८० किंवा ९० टक्के या जोखीमस्तराने गुणले जाते. एका मंडळाची सात वर्षांची उत्पादकता १२, ९, १४, ६, ११, १३ आणि १० क्विंटल असल्यास उत्तम पाच वर्षांची सरासरी १२ येते आणि ८० टक्के स्तरावर उंबरठा ९.६ क्विंटल ठरतो. चालू हंगामाचे प्रत्यक्ष उत्पादन ७.२ क्विंटल असेल, तर तूट २.४ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ४०,००० रुपये धरल्यास भरपाई १०,००० रुपये येते.

आता कोणी अंदाज सांगताना उंबरठा मंडळाचा घेतला, परंतु प्रत्यक्ष उत्पादन तालुक्याच्या सारणीतून ९ क्विंटल असे उचलले, तर तूट ६.२५ टक्के दिसेल आणि भरपाई २,५०० रुपये भासेल. अंश एका संदर्भातून आणि छेद दुसऱ्या संदर्भातून घेतल्याचा हा परिणाम आहे. त्याचप्रमाणे उत्तम पाच वर्षांची निवड प्रत्येक मंडळात स्वतंत्रपणे करावी लागते. जिल्ह्याची उत्तम पाच वर्षे शोधून तीच सर्व मंडळांना लावली, तर उत्तर चुकेल, कारण शेजारच्या दोन मंडळांत अवर्षणाचे वर्ष वेगवेगळे असू शकते.

संदर्भ जितका लहान, तितके स्थानिक चित्र अचूक, पण नोंदींची संख्याही तितकीच कमी. मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत स्तरावर किमान ४, महसूल मंडळ स्तरावर १०, तालुक्यासाठी १६ आणि जिल्ह्यासाठी २४ पीक कापणी प्रयोगांचे निकष मार्गदर्शक तत्त्वांत देण्यात आले, त्यामागे हाच समतोल आहे. यादृच्छिक निवडीवर आधारलेल्या पीक कापणी सर्वेक्षणांची पद्धती भारतात विकसित करण्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याप्रमाणेच भारतीय कृषी संशोधन परिषदेतील सांख्यिकी शाखेचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचाही मोठा वाटा होता. प्लॉट कोणी निवडावा यापेक्षा तो यादृच्छिक रीतीने निवडला जावा, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. आपल्या सोयीचे प्लॉट चाळून घेतले, तर पुढची सर्व गणिते व्यर्थ ठरतात.

गट पाडण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

संदर्भ शुद्ध राहावा यासाठी मूळ नोंदी शुद्ध असाव्या लागतात. पुढील तीन बाबींकडे विशेष लक्ष द्यावे.

१. नावांतील सारखेपणा व भेद. खानापूर नावाचा तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. बिलासपूर जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचल प्रदेशातही आहे. केवळ नावावर गट पाडल्यास दोन ठिकाणांची माहिती एकत्र होते. याउलट 'सोयाबीन' आणि 'सोयाबिन' अशा दोन लेखनांमुळे एकाच पिकाचे दोन गट पडतात. म्हणून गाव व तालुक्यासाठी केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील सांकेतिक क्रमांक वापरावेत आणि पीक व वाण यादीतूनच निवडण्याची सोय ठेवावी.

२. वर्षाची व्याख्या. आपले कृषी वर्ष जुलै ते जून असते. रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि काढणी पुढील वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तारखेवरून इंग्रजी वर्षानुसार गट पाडल्यास एकाच पिकाची पेरणी एका वर्षात आणि उत्पादन दुसऱ्या वर्षात जाते. 'कृषी वर्ष' आणि 'हंगाम' असे दोन स्वतंत्र स्तंभ ठेवावेत.

३. एकके. एकर, हेक्टर, गुंठे, बिघे यांची सरमिसळ असेल, तर बेरजेला अर्थ उरत नाही. बिघ्याचे माप राज्याराज्यांत वेगळे असल्याने हेक्टरमध्ये रूपांतर नोंदीच्या वेळीच करावे.

विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकऱ्यांसाठी पडताळणी सूची

कोणतीही सारणी स्वीकारण्यापूर्वी किंवा पुढे पाठवण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत.

• हा आकडा किती नोंदींवरून आला आहे? प्रत्येक गटाशेजारी नोंदींची संख्या दाखवावी.
• कोणत्या अटी लागू आहेत? हंगाम, वर्ष, पीक, सिंचन आणि क्षेत्र यांची निवड शीर्षकात लिहिली आहे काय?
• 'एकूण' ही बेरीज आहे, भारित सरासरी आहे की स्वतंत्र गणती आहे?
• अंश आणि छेद एकाच संदर्भातून आले आहेत काय?
• रिकाम्या जागा आणि शून्ये यांचा विचार कसा केला आहे?
• सिंचन, जमिनीचा प्रकार किंवा पेरणीची वेळ यांनुसार विभागणी केल्यास निष्कर्ष तसाच राहतो काय?
• एक छोटा गट निवडून त्याचे उत्तर हाताने काढून पाहिले आहे काय?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी आहे. आठ-दहा नोंदींचा एक गट घ्यावा, कागदावर बेरीज करावी, भागाकार करावा आणि संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत, तर फरक कोठून आला याचा शोध घेताना फिल्टर-संदर्भ आपोआप समजू लागतो.

प्रगतिशील शेतकऱ्यांनाही ही दृष्टी स्वतःच्या शेतावर वापरता येते. दोन वाणांची, दोन खतमात्रांची किंवा ठिबक व पाटपाणी यांची तुलना करताना जमीन, पेरणीची तारीख आणि पूर्वपीक शक्य तितके सारखे ठेवावे आणि नोंदवहीत त्यांचे रकाने आरंभीच आखावेत. जो रकाना नोंदवहीत नाही, त्याच्यावर पुढे फिल्टर लावता येत नाही. सिंचनाचा रकाना नसता, तर वरील हरभऱ्याच्या उदाहरणातील 'ख' वाणाची सरसता कोणत्याही साधनाला शोधून काढता आली नसती. येत्या हंगामाची प्रात्यक्षिके आखताना नोंदींचा नमुना म्हणूनच बियाण्याबरोबरच तयार ठेवावा.